अंगणातली बोट : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी माझ्या १६ फुटी फायबर बोटीची हकिगत लिहिली होती. बेतीच्या एका माडांच्या वाडीत ९ वर्षं पडून असलेली जुनी स्पीडबोट घराच्या अंगणात दोन हंगाम खपून दुरुस्त केली आणि फेब्रुवारीत मांडवीत उतरवली, एवढीच ती गोष्ट. पण पत्रं इतकी आली की संपादकांनी या वेळचं सदर प्रश्नोत्तरांनाच दिलं. ज्यांनी माझं आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माझे वडील मेस्त होते, आंब्याच्या खोडातून होड्या कोरायचे. मी १८व्या वर्षी मालीमच्या धक्क्याजवळच्या एका फायबरच्या शेडमध्ये कामाला लागलो आणि पुढची ३४ वर्षं तेच केलं.

माझे मामा कुवेतला नोकरीला होते. १९८२ साली कायमचे परतले तेव्हा तिथून १५ फुटी अमेरिकन स्पीडबोट घेऊन आले. मामा गेल्यापासून, म्हणजे ११ वर्षं, ती आमच्या माडांखाली ट्रॉलीवर उभी आहे. वरचा रंग खडूसारखा हाताला लागतो, पावसात आत पाणी साठतं, पण बोट जाडजूड आणि सरळ वाटते. एक कारागीर बघून म्हणाला, फायबर मेलंय, भंगारात घाला. दादा, मामांची वस्तू आहे, मन होत नाही. काय करू?
— एक वाचक, शिवोली

सगळ्यात आधी आजच्या आज मागचं बूच काढा आणि ट्रॉलीची पुढची बाजू दोन चिरे ठेवून उचला. साठलेलं पाणी वाहून जाऊ दे. बाकीचं नंतर.

फायबर असं मरत नाही. हाताला लागतो तो खडू म्हणजे उन्हाने जळलेला जेलकोट, बोटीचा सगळ्यात वरचा रंगीत थर. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या आत काचेचे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारं रेझिन यांची खरी भिंत आहे आणि जुन्या बोटींत ती आजच्यापेक्षा जाड असते. त्याला कारण आहे. अमेरिकेत ओहायोमधल्या टोलेडो गावात रे ग्रीन यांनी काचेच्या तंतूंची आणि रेझिनची बोट केली ती १९४२ साली. पुढची वीस-पंचवीस वर्षं या मालावर कोणाचा पुरता भरवसा नव्हता. किती पातळ केलं तर चालेल हे माहीत नाही, म्हणून बांधणारे थरावर थर चढवत गेले. ती सवय पुढेही बरीच वर्षं टिकली. तुमच्या बोटीचा जाडजूडपणा तिथून आलाय.

मरतं ते आतलं लाकूड. इंजिन टांगायची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, ही दोन बाजूंनी फायबर आणि मध्ये प्लायवूड अशी असते. फ्लोअरखाली लांबीने टाकलेले आधाराचे वासे, म्हणजे स्ट्रिंगर, बहुतेक लाकडाचेच. स्क्रूच्या एखाद्या भोकातून थेंब थेंब पाणी आत जातं आणि फायबरच्या पिशवीत कोंडलेलं लाकूड वर्षानुवर्षं भिजत राहतं. बाहेरून काही कळत नाही.

ते कळायला एक स्क्रूड्रायव्हर पुरे. त्याच्या प्लास्टिकच्या मुठीने मागच्या फळीवर चार-चार बोटांच्या अंतराने टकटक करत जा. वडील झाड विकत घेण्याआधी बुंध्यावर बोटाच्या पेराने असंच वाजवून बघायचे, आत पोकळ आहे का म्हणून. धड लाकूड टणक वाजतं. कुजलेलं असलं की आवाज बसका येतो, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. तसं वाजेल तिथे खडूने फुली मारा. मग बोटीच्या आतल्या बाजूने, खालच्या फुल्यांवर, ६ मिलिमीटरचं भोक पाडा. बाहेरची कातडी फुटू देऊ नका. ड्रिलला फिकट, कोरडा भुसा चिकटून आला तर मामांना मनातल्या मनात नमस्कार करा. माझ्या बोटीत काय झालं ते सांगतो. तिसऱ्या भोकातून ड्रिल बाहेर काढलं आणि मागोमाग कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी आलं. आधी थेंब, मग बारीक धार, माझ्या चपलेवर. घमेलं लावून ठेवलं. संध्याकाळपर्यंत सव्वा लिटर भरलं. भोकात सळी घातली तर प्लायवूड नव्हतंच, ओली पेंड होती. वास नारळाच्या सडलेल्या सोडणासारखा. आणि बाहेरून ती फळी चकचकीत पांढरी होती, एक तडा नाही.

फ्लोअरवर टाच दाबून चाला. दबतं तिथे खाली बघायला हवं. फ्लोअरखाली तरंगण्यासाठी भरलेला फोम असेल तर त्याचा एक तुकडा कापून मुठीत पिळा. हा फोम पाणी पीत नाही असं म्हणतात, पण इतकी वर्षं पाण्यात बसला की पितो. माझ्या बोटीचं वजन मी फोम काढण्याआधी आणि नंतर वजनकाट्यावर केलं. ११० किलोंचा फरक आला, आणि सुका फोम हातात घेतला तर कापसासारखा हलका.

एका प्रकारच्या बोटीला हा हिशेब लागत नाही. बोस्टन व्हेलर नावाच्या, १९५८ पासून येऊ लागलेल्या बोटी दोन कातड्या आणि मध्ये सलग फोम अशा असतात. त्या कंपनीच्या संस्थापकाने बोट करवतीने मधोमध कापून अर्ध्या बोटीतून प्रवास करून दाखवला होता. तुमची तशी निघाली तर फ्लोअर उचकटायला जाऊ नका, मला परत लिहा.

बोट सोडून द्यावी असं मी एकाच गोष्टीसाठी सांगेन. तळाला, मागच्या टोकापासून पुढे ६ फुटांपर्यंत, दोरी ताणून धरा. ट्रॉलीच्या चुकीच्या टेकूमुळे तिथे खळगा किंवा पोक आला असेल तर बोट वेगात नाक खुपसते नाहीतर उड्या मारते. ते सुधारायचं काम अंगणातलं नाही. दोरी सरळ टेकली तर लाकूड कितीही कुजलेलं असो, बोट ठेवा.

मी आयटीआयला फिटर ट्रेड करतोय. आजोबांच्या बोटीची मागची फळी पूर्ण कुजली आहे. ती बदलायची पद्धत नीट, क्रमाने सांगाल का? एकाने सगळं फ्लोअर आणि फळी एकदम काढायला सांगितलंय.
— एक विद्यार्थी, पेडणे

एकदम काढू नकोस, बाळा. कवचाचा आकार आतल्या लाकडाने धरून ठेवलेला असतो. सगळं काढलंस की बाजू बाहेर पडतात आणि नवीन फ्लोअर तू त्या वाकड्या आकारातच चिकटवून टाकतोस. मग तो कायमचा. म्हणून पहिले दोन दिवस नुसता टेकू लावण्यात घालव. कण्याखाली सलग वासा, दोन्ही कडांखाली आणि मागच्या कोपऱ्यांखाली टेकू, वरून काठापासून काठापर्यंत दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने आवळून. दोरीने तिरके कर्ण मोज, दोन्ही सारखे हवेत. ती मापं भिंतीवर लिही. कागद हरवतो.

जुन्या फळीची पूर्ण जाडी आणि इंजिन बसतं तिथली उंची मोजून ठेव. आउटबोर्ड इंजिन छोट्या शाफ्टचं असेल तर उंची १५ इंच, लांब शाफ्टचं असेल तर २० इंच. आजोबांचं इंजिन कुठलं आहे ते आत्ताच बघ.

आता आतली कातडी काप. कडेला अडीच-तीन इंचांची किनार राहू दे. करवतीचं पातं कातडीच्या जाडीएवढंच बाहेर काढ. बाहेरच्या कातडीला हात लावायचा नाही, तोच तुझा साचा. कुजलेलं प्लायवूड हाताने निघेल, पण कडेला धड राहिलेलं काढायला पटाशी आणि चिकाटी लागते. माझे तिथे चार दिवस गेले. मग ३६ नंबरच्या डिस्कने बाहेरच्या कातडीची आतली बाजू घास, काचेचे धागे पांढुरके दिसेपर्यंत. तेलकट, काळपट डाग उरला तर तिथे नवीन काही धरणार नाही.

प्लायवूड मरीनच घे. त्यावर आयएस ७१० हा शिक्का असतो. आयएस ३०३ घरच्या फर्निचरचा. पण नुसत्या शिक्क्यावर जाऊ नकोस. मी पहिल्यांदा एका दुकानातून शिक्का बघून दोन तक्ते आणले आणि सवयीने वीतभर तुकडा न्हाणीच्या चुलीवरच्या भाणात टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पानं वहीसारखी सुटली होती. आयएस ७१०च्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळतात, माझा एक रात्र टिकला नाही. तक्ते परत केले, दुसरीकडून आणले, पुन्हा उकळले, तेव्हा कुठे कापले. तूही उकळ.

पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावरून १८ मिलिमीटरचे दोन तक्ते काप. सगळ्या धारा पॉलिश पेपरने गोल कर, काच काटकोनावर बसत नाही, उचलते. तक्ते एकमेकांना चिकटव, मग सगळीकडून, विशेषतः कापलेल्या कडांना, पातळ रेझिन पाज. कडा ते पीत राहतील, पुरे होईपर्यंत देत राहा. बाहेरच्या कातडीवर ४५० ग्रॅमच्या मॅटचे, म्हणजे काचेच्या सुट्ट्या धाग्यांच्या चटईचे, दोन थर रेझिनमध्ये भिजवून लाव आणि ते ओले असतानाच फळी त्यात दाबून बसव. बाहेरून जाड लाकडी पट्ट्या, आतून पट्ट्या, इंजिनच्या जुन्या भोकांतून लांब बोल्ट, आणि आवळत जा. कडेने सगळीकडून रेझिन बाहेर यायला हवं. एखाद्या बाजूने आलं नाही तर तिथे हवा आहे, आणि हवा आहे तिथे पुढे पाणी येणार. म्हणून त्या वेळी दुसरा माणूस जवळ हवा. माझ्याबरोबर मुलगी होती, तिने टॉर्च धरून एकेक कोपरा दाखवला.

सुकल्यावर आतल्या सगळ्या कोपऱ्यांत रेझिनची पुट्टी भरून बोटाच्या जाडीची गोलाई दे. त्यावर मॅट, रोव्हिंग (काचेचं जाड विणलेलं कापड), मॅट असे थर. प्रत्येक थर फळीवरून बाजूंवर आधीच्यापेक्षा दोन इंच पुढे जाऊ दे, म्हणजे कडेला पायरी राहत नाही. शेवटच्या हाताला मेणाचं रेझिन वापर, नाहीतर पृष्ठभाग चिकट राहतो. पॉलिएस्टर रेझिन हवेला उघडं असेल तर वरून पूर्ण सुकत नाही, मेण वर येऊन त्याला झाकतं.

बोल्टची भोकं ही सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची. लागतं त्याहून मोठं भोक पाड, इपॉक्सीच्या पुट्टीने ठासून भर, सुकू दे, मग त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाड. आता बोल्टच्या भोवती लाकूड नाहीच, इपॉक्सीची नळी आहे. आजोबांच्या बोटीत एवढं केलेलं असतं तर फळी आज धड असती. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे घे, ३०४ खाऱ्या पाण्यात गंजाचे ठिपके धरतं.

पॉलिएस्टर की इपॉक्सी? दुकानदार एक सांगतो, व्हिडिओत दुसरं. शिवाय आमच्याकडे मे महिन्यात रेझिन ब्रशवरच घट्ट होतं.
— एक वाचक, फोंडा

इपॉक्सी जास्त घट्ट चिकटतं, पाणी कमी शिरू देतं, पण महाग. पॉलिएस्टर घेतलंत तर साधं नको, आयसोफ्थॅलिक मागा, दुकानात ‘आयसो’ म्हटलं की कळतं. मी कवचाचं आणि फळीचं काम आयसोत केलं आणि भोकं इपॉक्सीने भरली. क्रम एवढा लक्षात ठेवा: सुकलेल्या पॉलिएस्टरवर, घासून, इपॉक्सी छान धरतं. सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा जेलकोट धड धरत नाही. म्हणून इपॉक्सी नेहमी शेवटी. आणि इपॉक्सी वापरणार असाल तर त्याबरोबर विणलेलं कापड घ्या. सुट्ट्या धाग्यांची मॅट पॉलिएस्टरसाठी केलेली असते, तिचा गोंद त्यातल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत नाही.

मे महिन्याचं म्हणाल तर पॉलिएस्टरचा हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, वाटेल तसा कमी करून चालत नाही. किलोला १० ग्रॅम, म्हणजे १ टक्का, ही खालची हद्द धरा, २ टक्के ही वरची. त्याखाली गेलात तर ते वरून सुकल्यासारखं दिसतं आणि आतून कच्चं राहतं. कमी करायची ती बादली. अर्धा-अर्धा किलोच कालवा, पसरट भांड्यात घ्या आणि पहाटे साडेपाचला सुरुवात करा. नऊला थांबा. एकदा दुपारी घाईत मी ३ किलो एकदम कालवलं. बादलीतून धूर निघाला आणि तळ वितळून खाली आला. पातळ थरात पसरलं की रेझिनची उष्णता निघून जाते, ढिगात साठते. अंदाजासाठी सांगतो: ४५० ग्रॅमची मॅट एक चौरस मीटरला साधारण एक किलो रेझिन पिते आणि एका थराने सुमारे एक मिलिमीटर जाडी मिळते.

आता जे लिहितोय ते पेनाने अधोरेखित करून ठेवा. कोबाल्ट, म्हणजे पॉलिएस्टर लवकर सुकवणारं द्रावण, वेगळ्या बाटलीत मिळालं असेल तर ते आणि हार्डनर एकमेकांत कधीही थेट मिसळायचं नाही. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. दोन्हींसाठी वेगळं माप, वेगळी काठी, वेगळं फळकूट. माझ्या शेडमध्ये दोन्ही बाटल्या खोलीच्या दोन टोकांना असायच्या.

माझे पती अंगणात बोट घासतात. तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरी धूळ बसते. घरात ४ वर्षांचा मुलगा आहे आणि मला सहावा महिना आहे. त्यांचा उत्साह मोडायचा नाही, पण भीती वाटते.
— एक वाचक, डिचोली

ताई, तुमची भीती बरोबर आहे. हे उत्तर पतींना वाचायला द्या.

भाऊ, पत्नी बाळंत होऊन सावरेपर्यंत अंगणात रेझिन उघडू नका. तो उग्र गोड वास म्हणजे स्टायरीन. गरोदर बाईने आणि लहान मुलाने तो घ्यायचा नाही. दार लावून तो थांबत नाही. घासणंही घरापासून लांब न्या, एखाद्याची रिकामी शेड बघा. बोट इतकी थांबली, आणखी एक वर्ष थांबेल. तोवर फिटिंग काढा, पितळ घासा, मापं घ्या, इंजिन उघडा. ते काम पुष्कळ असतं.

पुढे सुरू कराल तेव्हा धुळीसाठी एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, रेझिनसाठी सेंद्रिय वाफांच्या काडतुसांचा मास्क. तोंडाला बांधलेला पंचा म्हणजे मास्क नव्हे. मी पहिली दहा वर्षं पंच्यावर काढली आणि आज मळ्यातल्या चढावर मला थांबावं लागतं. डोळ्यांना बंद गॉगल हवाच. हार्डनरचा एक थेंब डोळा घालवू शकतो. गेलाच तर लगेच नळाखाली १५ मिनिटं डोळा धुवायचा आणि तसंच दवाखाना. तळाचा जुना रंग कोरडा घासू नका, त्यात तांबं असतं आणि फार जुन्या रंगांत कथिलाचं विषारी संयुग. जहाजांवर ते २००८ पासून जगभर बंद आहे, पण तुमच्या बोटीवर ते आहे की नाही हे बघून कळत नाही. पाणी लावून घासा, खाली ताडपत्री अंथरा, चिखल गोळा करा. तो खाजनात किंवा ओहोळात सोडायचा नाही, तिथलीच सुंगटं आपण खातो.

कामाचे कपडे घरात आणू नका, वेगळे धुवा. अंगाला काच टोचत असेल तर आधी गार पाण्याने अंघोळ, न चोळता.

आमच्या बोटीच्या तळाला पावली-अधेलीएवढे फोड आलेत. एक फोडला तर आंबट वासाचा चिकट द्रव उडाला. भरून रंग लावला तर चालेल?
— एक वाचक, शापोरा

आत्ता भरलात तर पुढच्या वर्षी शेजारी नवे येतील. जेलकोटमधून पाणी फार हळू आत झिरपतं, रेझिनमधल्या कच्च्या राहिलेल्या रसायनांशी मिसळून आम्ल होतं, ते आणखी पाणी ओढतं आणि फुगतं. व्हिनेगरसारखा वास त्याचाच. कायम पाण्यात बांधलेल्या बोटींना हे होतं. ट्रॉलीवर राहणाऱ्यांना क्वचितच.

प्रत्येक फोड कोरड्या, घट्ट काचेपर्यंत उघडा, बशीसारखा उतार ठेवून. मग गोड्या पाण्याने धुवा, आठवडाभर रोज. ते आम्ल पाण्यात विरघळतं, नुसतं उन्हात ठेवून जात नाही. त्यानंतर सुकवणं. इथे गोव्यात दिनदर्शिका बघावी लागते. जून ते सप्टेंबर काही सुकत नाही, ऑक्टोबरमध्येही हवा ओलसर असते. मी तुळशीचं लग्न झालं की उघडतो आणि मार्चपर्यंत सुकू देतो. वरून चुडतांचा माटव, बाजू मोकळ्या, म्हणजे दव पडत नाही आणि वारा खेळतो. प्लास्टिक गुंडाळू नका. प्लास्टिकचा उपयोग फक्त तपासायला: हातभर तुकडा चारही बाजूंनी टेपने तळावर चिकटवा आणि एक दिवस उन्हात राहू दे. आतून घाम आला तर अजून ओलं आहे. माझ्या तळाने तीन वेळा घाम दाखवला, चौथ्या वेळी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, प्लास्टिक कोरडं निघालं.

मग इपॉक्सी पुट्टी आणि वरून इपॉक्सीचे चार-पाच पातळ हात. रोहिणी लागायच्या आत संपवा.

बोटीचा मूळ फिकट निळा रंग ठेवायचा आहे. रंगच द्यावा लागेल का?
— एक वाचक, मडगाव

बहुधा नाही. ताटाएवढी जागा घ्या, पाणी लावून ६००, ८००, १०००, १५०० नंबरचे पेपर, मग रबिंग कंपाउंड, मग मेण. निळा वर आला तर सगळी बोट तशीच करा, मशीनने, घाई न करता. काचेची वीण दिसू लागली तर जेलकोट संपला, तिथे थांबा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तड्यांवर नुसती पुट्टी नको. त्या जागी फायबर लवतंय, आतून आधार द्या, मग तडा भरा. माझ्या मते मूळ जेलकोट थोडा डागाळलेला असला तरी नव्या रंगापेक्षा सुंदर दिसतो.

जुनं टू-स्ट्रोक इंजिन आहे आणि बोटीत फायबरचीच पेट्रोलची टाकी आहे. वापरू का?
— एक वाचक, वास्को

इंजिन हो, टाकी नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या पॉलिएस्टरच्या टाकीचं रेझिन इथेनॉल मऊ करतं आणि तो चिकटा कार्बुरेटरमध्ये जातो. २५ लिटरची सुटी प्लास्टिक टाकी घ्या, नळ्या आणि हातपंपाचा फुगा नवा. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून महिनाभर बोट काढणार नसाल तर टाकी रिकामी ठेवा. तेलाचं प्रमाण इंजिनावरच्या पाटीवर बघा. पुष्कळांना ५०ला १ लागतं, म्हणजे २० लिटरला ४०० मिली, पण फार जुन्यांना त्याहून जास्त. पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर चांगला दिसला तरी बदला. आणि आपल्या नद्या उन्हाळ्यात खाऱ्या, पावसात गोड्या होतात, त्यामुळे गंज खाणारे ॲनोड जस्ताऐवजी ॲल्युमिनियमचे लावा.

बोट तयार आहे. कागदपत्रं काय लागतील, आणि पहिल्यांदा पाण्यात कशी उतरवावी?
— एक वाचक, हळदोणे

इंजिनवर चालणारी बोट नदीत चालवायची तर नोंदणी लागते. गोव्यात ती पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात होते. १९१७चा जुना कायदा जाऊन आता २०२१चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे, त्यामुळे कोणी जुने फॉर्म दिले तर ते घेऊन बसू नका, तिथेच जाऊन विचारा. बोट बाहेरदेशाहून आली असेल तर तेव्हाच्या कस्टमच्या पावत्या शोधून ठेवा. दुरुस्तीचे फोटो, प्लायवूड आणि रेझिनची बिलंही जपा, पाहणी करणाऱ्याला आत काय आहे ते तुम्हालाच दाखवायचंय.

उतरवायला भरतीची वेळ पूर्ण झालेली, पाणी स्तब्ध असलेली घटका निवडा. इंजिन सुरू करू नका. दोरीने बांधून अर्धा तास नुसती तरंगू द्या, आत कोणी चढायचं नाही. आधी तळात वर्तमानपत्राचे कागद अंथरून ठेवा, पाणी कुठून येतंय ते ओल्या कागदावरून लगेच कळतं. मग लाइफ जॅकेट घालून एक माणूस, मग दोन, मग इंजिन, तेही हळू. दहा मिनिटांनी परत या आणि मागच्या फळीवर पुन्हा मुठीने वाजवून बघा.

माझ्या बोटीत पहिल्या अर्ध्या तासाने वाटीभर पाणी आलं होतं. मागचा कोपऱ्यातला एकच कागद भिजला होता, बुचाच्या अगदी शेजारचा. बोट वर ओढली, बुचाचा वॉशर बदलला, आणि भरती ओसरायच्या आत परत उतरवली.